‘विशेष साहाय्य’ नावाचं पान

अमेरिकेतल्या लेबर डेच्या सुट्टीआधीचा शुक्रवार होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास गावातल्या एकुलत्या एक इंडियन किराणा दुकानाच्या मालकाचा फोन आला. हा गुजराती गृहस्थ मला वर्षातून एकदाच फोन करतो, आंब्याच्या पेट्या आल्या की. तो हंगाम कधीच सरला होता.

"बेन, आप का एक मराठी लडका आया है," तो म्हणाला. "घी और काला तिल ले रहा है, और रो रहा है. बात करो."

फोन त्या मुलाच्या हातात गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग एकदम सगळं. तो नागपूरचा, वर्षापूर्वी नोकरीसाठी इथे आलेला. आईवडील पहिल्यांदाच त्याच्याकडे राहायला आले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी वडील जेवायला बसता बसता कोसळले आणि हॉस्पिटलमध्ये तासाभरात गेले. सकाळी हॉस्पिटलनं विचारलं, कुठल्या फ्युनरल होमला कळवू? अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारी अशी कंपनी त्याला एकही माहीत नव्हती. त्यांच्या यादीतलं पहिलं नाव त्यानं सांगितलं. तिथली माणसं आली, वडिलांना घेऊन गेली, आणि आता म्हणत होती की दहन पुढच्या गुरुवारी होईल, घरच्यांना आत येता येणार नाही, आणि त्यानंतर राख डब्यातून मिळेल.

"आईनं कालपासून काही घेतलं नाही, ताई. पाणीपण नाही. म्हणते, त्यांना अग्नी मिळेपर्यंत नाही. तिला डायबिटीस आहे, इन्शुलिन चालू आहे. गुरुवारपर्यंत कसं होईल? मला काही समजूनच नाही राहिलं."

मी त्याला विचारलं, इथल्या आपल्या मराठी मंडळाला का नाही फोन केला? हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"तुमच्या वेबसाइटवर काल रात्री दोन तास शोधलं न, ताई. नंबरच नाही. सर्चमध्ये फादर डाइड टाकलं तर फादर्स डे पिकनिकचे फोटो आले. अध्यक्षांचं मनोगत मी पूर्ण वाचलं. म्हटलं, शेवटी तरी नंबर असेल."

ती वेबसाइट मी केली होती.

म्हणजे रंग, चित्रं वगैरे एका उत्साही मुलानं केली होती. माझं काम होतं कुठली गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवणं. मी मूळची ग्रंथपाल. पुण्यात एका कॉलेजात पुस्तकांना आकडे देत होते. इथे येऊन एका विमा कंपनीत तेच करते, फक्त पुस्तकांच्या जागी पानं असतात. घर जळालेला माणूस कंपनीच्या वेबसाइटवर आला, तर त्याला अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोआधी दाव्याचा अर्ज दिसला पाहिजे, यासाठी मला पगार मिळतो. वीस वर्षं यावर मी मीटिंगांमध्ये बोलत आले आहे. लोक मान डोलावतात. एकदा तर मला टाळ्याही मिळाल्या होत्या.

आमचं गाव मिशिगनमध्ये, आपली माणसं भरपूर असलेल्या नोव्हाय शहरापासून पावणेदोन तासांवर. एक युनिव्हर्सिटी, मोटारींचे भाग बनवणारे दोन कारखाने, आणि शंभर-सव्वाशे मराठी घरं. एवढ्यांचंही मंडळ असतंच. मंडळ असलं की अध्यक्ष असतो, अध्यक्ष असला की फेटा असतो. जुन्या वेबसाइटवर उघडल्या उघडल्या फेटेवाल्या मान्यवरांचे फोटो एकामागून एक सरकत यायचे, इतके की गणपती कुठे बसणार आहे हे कळेपर्यंत विसर्जन व्हावं. ते सुधारायला म्हणून मला बोलावलं होतं, आणि मी फुशारकीनं सांगितलं होतं की हे काम शास्त्रशुद्ध करू.

शास्त्रशुद्ध म्हणजे कार्डं. आमच्या धंद्यातली ही जुनी आणि साधी रीत आहे. वेबसाइटवर जे जे असणार त्या प्रत्येकाचं एकेक कार्ड करायचं, वापरणाऱ्या लोकांना टेबलाभोवती बसवायचं आणि सांगायचं, जे जे तुम्हाला एकत्र वाटतं त्याचे ढीग करा आणि ढिगाला नाव द्या. आपण तोंड बंद ठेवून त्यांच्या हातांकडे बघायचं. माणसं काय बोलतात त्यापेक्षा त्यांचे हात खरं सांगतात.

त्या वसंतात एका रविवारी समितीतले चौघे माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले. चिवडा, चहा आणि साठ-सत्तर कार्डं. गणपतीची नोंदणी, मराठी शाळा, सहल, क्रिकेट, दिवाळी अंक, मराठी बोलणारे डॉक्टर, आईवडिलांचा प्रवासी विमा, ड्रायव्हिंग टेस्ट, अध्यक्षांचे मनोगत. आणि एक कार्ड, ‘अंत्यविधी’. त्या पानासाठी मी तीन महिने माहिती गोळा केली होती. आमच्या भागातल्या फ्युनरल होमपैकी फक्त एकालाच आपली रीत माहीत आहे. तिथे घरचे पंधरावीस लोक आत उभे राहू शकतात, तूप-तांदूळ-तुळस ठेवू देतात, आणि भट्टीचं बटण मुलाला किंवा मुलीला दाबू देतात. तिथल्या डायरेक्टरचा स्वतःचा मोबाइल नंबर, नोव्हायच्या गुरुजींचा नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कशावर सही करायची आणि कशावर करायची नाही, हे सगळं त्यात होतं.

चौघांचे हात टेबलावर फिरत होते. ढीग होत होते, मोडत होते, क्रिकेट हा खेळ की उत्सव यावर दहा मिनिटं वाद झाला. ‘अंत्यविधी’ कार्डाला कोणी हात लावला नाही. मध्यभागी ते तसंच पडून होतं आणि चौघे त्याच्या कडेकडेनं बाकीची कार्डं उचलत होते, जेवताना पानातलं मिरचीचं देठ बाजूला सारावं तसे. शेवटी समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी ते उचललं, पालथं केलं आणि चिवड्याच्या बशीखाली सरकवलं.

"काकू, ते राहिलं," मी म्हणाले.

"असू दे गं तिथेच."

"कुठल्या ढिगात जाईल?"

अध्यक्ष, म्हणजे मोटार कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, चष्मा काढून म्हणाले, "ताई, माहिती उत्तम जमवलीत तुम्ही, शंकाच नाही. पण मेन्यूत वरती गणपती, दिवाळी, आणि त्यांच्या शेजारी हे? वेबसाइट उघडली की लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे."

"सगळेच प्रसन्न असताना नाही उघडत, काका."

"ज्याला लागेल तो फोन करेलच की मला."

"मग तुमचा नंबर देऊ या वरती."

"नको नको. फार स्पॅम कॉल येतात हो."

काकू म्हणाल्या, "माझ्या घरी नातवंडं ती साइट उघडतात. शुभ दिवशी असलं काही डोळ्यासमोर नको बाई." त्या वाईट नाहीत. कोणाकडे काही दुःखद घडलं की पहिला डबा त्यांचा असतो. फक्त तो शब्द त्यांना लिहिलेला नको होता.

शेवटी तडजोड झाली. पान राहील, पण ‘ज्येष्ठ मंडळी’ या सदरात, आणि नाव असेल ‘विशेष साहाय्य’. मी हो म्हणाले. मला माहीत होतं की हे चूक आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचे वडील गेले तर तो ‘ज्येष्ठ मंडळी’वर बोट का ठेवेल? आणि ठेवलंच, तर तिथल्या योगवर्ग आणि भजनी मंडळाच्या खाली ‘विशेष साहाय्य’ वाचून त्याला काय वाटेल? व्हीलचेअर मिळते असं वाटेल. ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी तासभर भांडले असते. पण रविवार संध्याकाळ होती, चहा तिसऱ्यांदा झाला होता, आणि वेबसाइटच्या उद्घाटनाला माझा सत्कार करायचं नुकतंच ठरलं होतं. सत्कारांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. शाल मात्र घेतली. चांगल्या लोकरीची आहे.

म्हणून त्या शुक्रवारी दुपारी फोनवर तो मुलगा म्हणाला की मी पूर्ण मनोगत वाचलं, तेव्हा मी थेट कागदांवर आले.

"तिथल्या कागदांवर सह्या केल्या का?" मी विचारलं.

"हो. सहा-सात होते."

"एम्बामिंग असं कुठे लिहिलं होतं?"

"असेल, ताई. मी वाचलं नाही. काय असते ते?"

मी त्याला सांगितलं नाही. शरीरातलं रक्त काढून औषध भरतात हे किराणा दुकानात उभ्या असलेल्या मुलाला कसं सांगणार? त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये, आणि पत्ता दिला. मग ऑफिसचा लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या फोनवरून आमच्या पानावरच्या डायरेक्टरला फोन लावला.

हा साठीचा, हळू बोलणारा माणूस. त्याचे आजोबाही हेच काम करत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिकडे मी बोलतो, काम सुरू केलं नसेल तर थांबवतो. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. सुरू केलं नव्हतं. दीडला करणार होते. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मला वाटलं, आता जमेल. मी इतकी खुळी की मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं त्यानंच सांगितलं. शनिवारी सकाळी तो त्यांच्यासाठी भट्टी मोकळी ठेवेल. पण दहनाच्या परवान्यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते, आणि ते ऑफिस साडेचारला बंद होतं. आमच्या काउंटीत ते सुट्टीच्या दिवशी उघडत नाही. सोमवारी लेबर डे. म्हणजे आज साडेचारच्या आत, नाहीतर मंगळवारी. आणि त्या सहीच्या आधी हॉस्पिटलच्या ज्या डॉक्टरनं मृत्यू घोषित केला, त्यानं मृत्यूच्या कारणाचा दाखला कॉम्प्युटरवर भरायला हवा. तो भरलेला नव्हता.

"काल रात्रीच मला कोणी कळवलं असतं," तो म्हणाला, "तर डॉक्टर ड्युटीवर होते. मी तिथेच उभं राहून करून घेतो नेहमी."

तो आरोप करत नव्हता. नुसतं सांगत होता.

मुलगा आला. हातात तुपाची बरणी आणि तिळाचं पाकीट घेऊनच आला होता, गाडीत ठेवायचंही सुचलं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली. त्याच टेबलाशी, दुसरं टेबल माझ्याकडे नाही. त्यानं पहिल्या फ्युनरल होमच्या रद्द करण्याच्या कागदावर सही केली, दुसऱ्याच्या कागदांवर केली, आणि या वेळी मी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. मग आम्ही हॉस्पिटलला फोन करायला लागलो.

मोठ्या हॉस्पिटलच्या फोनचा आवाज फार गोड असतो. तो तुम्हाला सांगतो की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग हृदयरोग विभागाला मिळालेल्या सन्मानाची माहिती देतो, मग नऊ पर्याय वाचून दाखवतो. नवांपैकी एकही ‘माझे वडील काल तुमच्याकडे वारले’ असा नव्हता. मी याच कामातली, म्हणून त्यांच्या वेबसाइटवर गेले. तिथे जन्माच्या दाखल्याला पहिल्याच पानावर जागा होती, गुलाबी चौकट आणि बाळाचे पाय. दुसऱ्या दाखल्यासाठी मी ‘रुग्ण व पाहुणे’ उघडलं, ‘नोंदी’ उघडलं, ‘इतर नोंदी’ उघडलं. त्यांच्याकडेही कोणीतरी टेबलाभोवती बसून ते कार्ड बशीखाली सरकवलं असणार.

दोन वाजून वीस मिनिटांनी एक नर्स फोनवर आली. चांगली बाई होती. तिनं बघितलं आणि सांगितलं, ते डॉक्टर सकाळी सातला ड्युटी संपवून गेले, मी पेजरवर निरोप पाठवते. मिशिगनमध्ये लांब सुट्टीचा शुक्रवार म्हणजे अर्धं राज्य उत्तरेकडच्या तळ्यांच्या रस्त्याला लागलेलं असतं. तिथे बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, आणि त्यासाठीच लोक तिथे जातात.

तीन वाजले. मुलगा मध्येच घरी फोन करत होता. "आई, थोडं तरी घे न. लिंबूपाणी घे. बरं, नको घेऊ, फक्त शुगर बघ. किती आली? ... आई, मीटरवर काय दिसते ते वाच फक्त." मग माझ्याकडे बघून हळूच, "कमी होऊन राहिली."

मी काकूंना फोन केला. वीस मिनिटांत त्या मुलाच्या अपार्टमेंटवर पोचल्या. त्यांना मी वेबसाइटबद्दल काही बोलले नाही. त्यांनी मला एकच विचारलं, "त्याला कळलं कसं नाही गं, आपल्याला फोन करायचं?" मी म्हटलं, नंतर बोलू.

पावणेचारला डायरेक्टरचा फोन, दुसऱ्या कोणा डॉक्टरला भरता येईल का ते बघतोय. चारला नर्सचा फोन, दुसऱ्या डॉक्टरला केस माहीत नाही, ते सही करायला तयार नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी मी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ऑफिसात फोन केला आणि तिथल्या बाईला विचारलं की तुम्ही पंधरा मिनिटं जास्त थांबाल का. असं मी अमेरिकेत कधी कोणाला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, पावणेपाचपर्यंत थांबते, त्यानंतर मुलाला आणायला जायचंय.

त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काहीच नव्हतं. मुलगा तुपाच्या बरणीवरचं लेबल वाचत होता. पुन्हा पुन्हा तेच.

दाखला पाच वाजून पाच मिनिटांनी भरला गेला. डॉक्टरनं कुठल्याशा पेट्रोल पंपावर गाडी थांबवून फोनवरून भरला, असं नंतर कळलं. बिचाऱ्यानं माफीही मागितली. ऑफिस बंद होऊन तोवर वीस मिनिटं झाली होती.

मी मुलाला सांगितलं, मंगळवार.

तो म्हणाला, "आईला तुम्ही सांगा, ताई. माझ्याच्यानं नाही होणार."

अपार्टमेंट लहान, भाड्याच्या फर्निचरचं. सोफ्यावर त्याची आई बसली होती. पासष्टीची बाई, किरकोळ अंगाची, केस घट्ट बांधलेले. समोरच्या टीपॉयवर नवऱ्याचा चष्मा घडी करून ठेवलेला. काकू शेजारी बसून त्यांचा हात धरून होत्या. मी सांगितलं. कारणं सांगितली, ऑफिस, सही, सुट्टी. त्या ऐकत होत्या, आणि मला दिसत होतं की त्यांच्यापर्यंत एकच गोष्ट पोचते आहे, माणूस चार दिवस थंड पेटीत राहणार.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "तिथे एकटे?"

त्या रात्री काकू तिथेच राहिल्या. सकाळी मी गेले तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "ऐकत नाही गं बाई. ओठ सुकलेत. ॲम्ब्युलन्स बोलवायची का?" मुलगा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा होता. कोणीतरी काहीतरी ठरवावं म्हणून तो आमच्याकडे बघत होता.

मी नोव्हायच्या गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्या बाईंच्या पुढ्यात धरला. हे गुरुजी दिवसा कॉम्प्युटरचं काम करतात आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांचे संस्कार. मी त्यांना आधी काही पढवलं नव्हतं, वेळच नव्हता.

ते म्हणाले, "मावशी, मी बोलतोय. मंगळवारी मी स्वतः येणार आहे, सगळं नीट करू. तोवर तुम्ही औषध घ्यायचं आणि औषधापुरतं खायचं."

"अग्नीच्या आधी?"

"आजारी माणसाला सूट आहे, मावशी. दोष असला तर तो माझ्यावर. दूध घ्या. मी फोनवर आहे, तुम्ही घ्या."

आणि तो माणूस खरंच फोनवर थांबला. एक शब्द बोलला नाही. पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती. त्या बाईंनी अर्धा पेला दूध प्यायला बारा-पंधरा मिनिटं घेतली असतील. प्रत्येक घोटानंतर पेला खाली ठेवत होत्या.

फोन बंद केल्यावर त्यांनी मला विचारलं, "यांचा नंबर तुम्हाला कसा माहीत?"

"आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर आहे," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"माझ्या पोरानं पाहिलं होतं न ते. त्याला नाही दिसलं."

"आत आहे जरा."

"दाखवा."

मी दाखवलं. फोन त्यांच्या हातात दिला आणि बोटानं सांगत गेले. ‘ज्येष्ठ मंडळी’. मग खाली, योगवर्ग, भजनी मंडळ. मग ‘विशेष साहाय्य’. पान उघडलं. त्यांनी चष्मा चढवला आणि पूर्ण वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. कुठे फोन करायचा. कशावर सही करायची नाही. घरच्यांनी काय न्यायचं. काकू माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांनीही वाचलं. मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं.

"मी म्हटलं, परदेश आहे," त्या बाई म्हणाल्या. "इथे कोणाला काही माहीत नसेल. तुम्हाला तर सगळंच माहीत होतं न."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन परत दिला, चष्मा काढून नवऱ्याच्या चष्म्याशेजारी ठेवला.

घरी येऊन मी वेबसाइट उघडली. समितीच्या आग्रहानं नव्या साइटवरही राहिलेले सरकते फोटो काढले. मनोगत ‘आमच्याविषयी’त नेलं. सगळ्यात वर, गणपतीच्या नोंदणीच्याही वर, साध्या काळ्या अक्षरांत एक ओळ घातली, ‘घरात मृत्यू झाला असल्यास काय करावे’. तिच्याखाली डायरेक्टरचा, गुरुजींचा आणि माझा नंबर. त्या रविवारी वाद घालून जे झालं नव्हतं त्याला वीस मिनिटं लागली.

रविवारी दुपारी अध्यक्षांचा फोन आला.

"ताई, वेबसाइट हॅक झाली की काय?"

"नाही, मीच केलंय." मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं.

त्यांनाही वाईट वाटलं, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करते. मग म्हणाले, "मला का नाही केला हो त्यानं फोन?"

"कुठल्या नंबरवर, काका?"

"फॉर्म आहे ना, संपर्काचा."

"त्यानं भरला. गुरुवारी रात्री. तो ज्या मेलवर जातो त्याचा पासवर्ड आधीच्या सचिवांकडे आहे, आणि ते टेक्सासला गेले."

"बरं, असं करू," ते म्हणाले. "गणपतीचे दहा दिवस ती ओळ खाली घेऊ. लोक प्रतिष्ठापनेची वेळ बघायला येतात, पहिलीच ओळ अशी... विसर्जन झालं की परत वर."

"दहा दिवसांत कोणी जाणार नाही याची हमी कोण घेणार?"

"असं अभद्र बोलू नका हो."

"नाही बोलत. लिहिलेलं मात्र राहू दे."

काढायचं तर त्यांना माझ्याकडूनच काढून घ्यावं लागलं असतं. तो रंगकाम करणारा मुलगा कॉलेजला गेला होता आणि साइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. आयुष्यात पहिल्यांदा मला सत्तेची चव कळली, आणि ती फार काही चांगली नव्हती. समितीची बैठक घेऊन ठरवू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बैठकीत काय ठरेल याची मला कल्पना होती. काकूंच्या मताचं तेवढं सांगता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी नऊला सही झाली, अकराला आम्ही तिथे जमलो. पंधराएक माणसं, त्यातल्या बहुतेकांनी त्या गृहस्थांना जिवंत कधी पाहिलं नव्हतं. मंडळाचं पुष्पचक्र होतं, त्यावर मंडळाचं नाव सोनेरी रिबिनीवर छापलेलं. अध्यक्ष ते घेऊन आले होते, पण आत गेल्यावर त्यांनी रिबिनीची बाजू भिंतीकडे केली. गुरुजींनी सगळं केलं, घाई न करता. डायरेक्टर दाराशी हात बांधून उभा होता. तुपाची बरणी शुक्रवारपासून उघडली नव्हती, मुलाला तिचं झाकण निघेना, ते काकूंनी काढून दिलं.

बटण हिरवं असतं, लिफ्टचं असावं तेवढं. मुलाचा हात तिथवर जाऊन थांबला. त्याच्या आईनं मागून त्याच्या कोपराला हात लावला. मग त्यानं दाबलं.

बाहेरच्या खोलीत मऊ खुर्च्या, कागदी रुमालांचे डबे आणि एक कॉफीचं मशीन होतं. त्या बाई खुर्चीत बसल्या. चार दिवसांत त्यांनी औषधापुरतं दूध आणि दोनदा दहीभात, तोही पेल्यात कालवलेला, एवढंच घेतलं होतं. बराच वेळ त्या भिंतीतून येणारा घरघर आवाज ऐकत होत्या.

"झालं न आता?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"इथे कुठे चहा मिळेल का?" त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा."

मी मशीनकडे गेले. त्यावर कॉफीचे सहा प्रकार होते, चहा नव्हता. मग मी पर्स आणि गाडीची किल्ली घेतली.